मुंबईतल्या लहान घरात जुन्या वस्तूंची छोटी तैलचित्रं काढायला सुरुवात कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की आजीची जुनी इमारत रीडेव्हलपमेंटला गेली, माळ्यावरून पितळी कडीचा डबा, फिरकीच्या झाकणाचा तांब्या, पंपाचा स्टोव्ह असं बरंच काही खाली आलं आणि मोडीत घालण्याआधी त्यांची ऑइलमध्ये छोटी चित्रं करायची आहेत. घर वन रूम किचन, शाळेत चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा दिली होती, त्यानंतर ब्रश हातात नाही. वस्तूंचे फोटो काढून ठेवले आणि वस्तू देऊन टाकल्या तर चालेल का, हा तुमचा मुख्य प्रश्न.

नाही चालणार. सगळं ठेवायला जागा नाही हे समजतं, पण दोन-तीन वस्तू तरी ठेवा. मी फोर्टला नोकरी करते, मुलुंडला राहते आणि गेली बारा वर्षं सुट्टीच्या दिवशी सहा बाय आठ इंचाच्या बोर्डवर अशीच चित्रं काढते. सुरुवातीची दोन वर्षं फोटोवरून काढली. मोबाइल सावलीतला काळोख स्वतःच उजळवतो, पितळेवरची चमक जाळून पांढरी करतो आणि जवळून फोटो घेतला तर तांब्याचं तोंड फुगवून दाखवतो. म्हणजे कुठे किती उजेड आणि कुठला रंग, हे सगळं फोनने आधीच ठरवून टाकलेलं असतं आणि आपण त्याची नक्कल करत बसतो. वस्तू समोर असली की मान जरा हलवली तरी काठावरची चमक सरकते. ती सरकताना पाहिली की तांब्याचं पोट किती गोल आहे ते हाताला कळतं.

छोटा आकार हा नाइलाज समजू नका. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात शार्दँ या फ्रेंच चित्रकाराचं (१६९९–१७७९) एक चित्र आहे: स्वयंपाकघरातली पाणी साठवायची तांब्याची टाकी, खाली बादली. लाकडी फळीवरचं हे तैलचित्र जेमतेम २८ सेंटिमीटर उंच आहे. इटलीतल्या बोलोन्याचे चित्रकार मोरांदी (१८९०–१९६४) बहिणींबरोबर राहायचे आणि झोपायच्या खोलीतच काम करायचे. त्याच त्या बाटल्या, बरण्या, डबे त्यांनी वर्षानुवर्षं रंगवले. वन रूम किचनमध्ये राहणाऱ्याला हे दोघं फार जवळचे वाटतात, मला तरी वाटतात.

मांडणीसाठी बुटांचं किंवा मिक्सरचं खोकं घ्या, पुढची आणि एका बाजूची भिंत कापा, आत करडा किंवा तपकिरी कागद लावा. वस्तू त्यात ठेवायची आणि उजेड फक्त कापलेल्या बाजूने येऊ द्यायचा. खोलीतली ट्यूब बंद. ट्यूब चालू राहिली की वस्तूला दोन सावल्या पडतात आणि आकार विरघळतो. पुस्तकांत उत्तरेच्या खिडकीचा उजेड सांगतात, कारण तिथे थेट ऊन येत नाही. हे लिहिणारे युरोपातले. मुंबईत १५ मेच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो, आणि मधल्या काळात दुपारी तो आपल्या उत्तरेला असतो. मेच्या शेवटी माझ्या उत्तरेच्या खिडकीतून उन्हाची तिरीप थेट डब्यावर आली तेव्हा मी गोंधळले होते. त्या दिवसांत टेबललॅम्प वापरा. कपडे गडद, पण भडक नसलेल्या रंगाचे घाला. लाल गाऊन घालून बसलात तर तांब्याच्या पोटावर तुम्हीच लाल दिसाल.

आता पितळ. घासायचं का? पीतांबरीने लख्ख केलेला तांब्या आरसा होतो. त्यात खिडकी, पंखा, तुम्ही, सगळं दिसतं आणि नवख्या माणसाला त्यातून वाट सापडत नाही. पहिली पाच-सहा चित्रं न घासलेल्या भांड्याची करा. कडीच्या खाचेत साठलेला काळेपणा चिंच-मीठ लागलं की जातो आणि परत यायला वर्षं लागतात, एवढं लक्षात ठेवून मग काय ते ठरवा.

सोनेरी रंगाची ट्यूब आणू नका. यलो ऑकर, बर्न्ट सिएना, रॉ अंबर, अल्ट्रामरीन ब्लू, टायटॅनियम व्हाइट, एक लाल आणि लेमन यलो, एवढ्यावर मी कित्येक वर्षं काढली. कॅम्लिनच्या साध्या ट्यूब शिकायला पुरेशा आहेत. पितळेचा अंधार काळ्याने होत नाही, रॉ अंबरमध्ये जरा निळा घातला की तो हिरवट तपकिरी काळोख येतो. आणि चमक! पितळ, तांबं यांची चमक धातूचाच रंग घेते, म्हणून ती कधी शुद्ध पांढरी नसते. पांढऱ्यात पिवळ्याचा कण हवाच. लोणच्याच्या चिनीमातीच्या बरणीवरची चमक मात्र उजेडाच्या रंगाची असते, बरणी तपकिरी असली तरी. ही दोन भांडी शेजारी ठेवून फक्त चमकेचा रंग जुळवत बसा. माझा एक अख्खा रविवार त्यात गेला होता आणि बारा वर्षांतला तो सर्वांत उपयोगी रविवार असावा.

इंटरमिजिएटच्या स्थिरचित्राच्या पेपरात होणारी एक चूक इथेही होते. तोंडाचा लंबगोल छान येतो आणि बूड सरळ रेषेत कापलेलं असतं. आपण वरून बघतो तेव्हा बुडाचा लंबगोल तोंडाच्या लंबगोलापेक्षा जास्त उघडा असतो. तो तसा काढला की भांडं टेबलावर बसतं.

आणि जुनेपणा रंगवायला जाऊ नका. ही माझी सर्वांत कळकळीची सूचना आहे. आईच्या डब्यावर एक पोचा आहे, लोकलमध्ये दारात पडल्याचा. पहिल्या चित्रात मी तो पोचा, ओरखडे, उडालेली कल्हई हेच आधी काढलं आणि डबा कागदासारखा चपटा झाला. पोचा म्हणजे तेवढ्या जागी उजेडाची दिशा बदललेली असते, दुसरं काही नाही. आधी डोळे बारीक करून उजेड आणि सावली असे दोनच मोठे भाग मांडा, मग अर्धछाया, मग पार्श्वभूमी. पोचा शेवटी, ब्रशच्या दोन फटकाऱ्यांत. आता तो पोचा बघून आई म्हणते, हा आपलाच डबा.

वासाचं म्हणाल तर तो टर्पेंटाइनचा असतो, तैलरंगाला स्वतःचा वास फार नसतो. झोपायच्या खोलीत टर्पेंटाइन उघडूच नका. रंग ट्यूबमधून आहे तसा वापरा. ब्रश चिंधीने पुसा, अळशीच्या तेलात घोळवून परत पुसा, शेवटी तळहातावर साबणाच्या वडीने धुवा. पॅलेट ओट्यावर नको, काही रंग विषारी असतात. तेलकट चिंध्यांचा बोळा मात्र कधीही कचऱ्याच्या डब्यात कोंबू नका. अळशीचं तेल वाळताना गरम होतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. पाण्यात भिजवून, पसरून वाळवून मगच टाका.

तैलरंग हवेतला प्राणवायू घेऊन वाळतो, पाणी उडून जाऊन नव्हे. म्हणून त्याला मोकळी हवा आणि उजेड लागतो. माझ्या पहिल्या पावसाळ्यात मी चार चित्रं एकमेकांना टेकवून कपाटामागे ठेवली. गणपतीत काढली तर दोन चिकटली होती, बाकीच्यांच्या पाठीवर बुरशी आणि पांढरा रंग पिवळट. पिवळेपणा खिडकीपाशी ठेवल्यावर बराच उतरला, चिकटलेली गेली. आता उभी ठेवते, मध्ये बोटभर अंतर सोडून. कागदावर थेट तैलरंग लावू नका, तेलाने कागद कुजतो. हार्डबोर्डच्या तुकड्यावर जेसोचे (रंगाखाली लावायच्या पांढऱ्या अस्तराचे) दोन हात मारले की झालं.

पुढे आणखी वस्तू हव्या झाल्या तर चोर बाजारात मटण स्ट्रीटला जा. मला तिथे गोटी सोड्याची बाटली मिळाली, जाड हिरवट काच, मानेत गोटी. आरेच्या दूध केंद्रावरची काचेची बाटली अजून शोधते आहे. लहानपणी ती रोज सकाळी हातात असायची आणि तेव्हा एकदाही नीट पाहिली नाही.

स्टोव्ह सध्या कापडात गुंडाळून ठेवा. नळ्या, पाय, बर्नर, फार गुंतागुंत आहे, सहा महिन्यांनी काढा. या शनिवारी तांब्यापासून सुरुवात करा, बिनघासलेल्या, आणि फिरकी काढून बाजूला ठेवा.