आपल्या नौदलाच्या निलगिरी वर्गाच्या फ्रिगेटचं, म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धनौकेचं, इंजिन अमेरिकन, रडार इस्रायली. मग तिला 'स्वदेशी' का म्हणायचं? आणि एक जहाज बांधायला सात वर्षं का लागतात?

'स्वदेशी म्हणजे नुसती जुळवाजुळव' हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. तुमच्या प्रश्नात तोच सूर आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी इंजिनाचं उरकतो. निलगिरीत दोन एलएम-२५०० गॅस टर्बाइन आणि 'मान' कंपनीची दोन डिझेल इंजिनं आहेत. टर्बाइनचं डिझाइन अमेरिकन, जुळणी आणि चाचणी बंगळुरूला एचएएल या सरकारी विमान कंपनीत. याच घराण्यातली टर्बाइन इटली आणि फ्रान्सच्या 'फ्रेम' (FREMM) वर्गाच्या फ्रिगेटमध्ये आहेत, जपानच्या कित्येक विनाशिकांतही आहेत. त्या जहाजांना कोणी अमेरिकन म्हणत नाही. रशियाची तऱ्हा तर याहून बिकट. तिथल्या तलवार जातीच्या फ्रिगेटना युक्रेनच्या झोर्या कंपनीची टर्बाइन लागतात. २०१४ नंतर युक्रेननं हात आखडता घेतला आणि कालिनिनग्राडच्या गोदीत अर्धवट सांगाडे पडून राहिले. त्यातले दोन आपण घेतले आणि टर्बाइनही आपणच युक्रेनकडून विकत घेऊन रशियाला दिली, तेव्हा कुठे तुशिल आणि तमाल पुऱ्या झाल्या. तमाल तिथे १ जुलै २०२५ ला नौदलात दाखल झाली. त्याच दिवशी इकडे मुंबईच्या माझगाव डॉक या गोदीनं निलगिरी वर्गातलीच उदयगिरी नौदलाच्या ताब्यात दिली. नौदलाच्या युद्धनौका आरेखन विभागानं आखलेलं ते शंभरावं जहाज.

आता जुळवाजुळव. १९७२ ची जुनी निलगिरी माझगावलाच बांधली, पण नकाशे ब्रिटिश लिअँडर वर्गाच्या फ्रिगेटचे. नकाशा दुसऱ्याचा असला की एक पंप हलवायचा तरी परवानगी आणि हिशेब दोन्ही तिकडून. १९८३ ची गोदावरी हे आपण स्वतः आखलेलं पहिलं फ्रिगेट. वाफेची यंत्रणा लिअँडरचीच ठेवली, ३०,००० अश्वशक्तीची, आणि सांगाडा मोठा केला. त्यावर सोव्हिएत क्षेपणास्त्रं, इटालियन संगणक, भारतीय सोनार (पाण्याखालचा वेध घेणारं यंत्र) आणि दोन सी किंग हेलिकॉप्टरं. ऐकायला गंमत वाटते. पण सोव्हिएत सामानाला वीज लागायची ३८० व्होल्ट, ५० हर्ट्झ, आणि पाश्चात्त्य सामानाला ४४० व्होल्ट, ६० हर्ट्झ. म्हणजे एकाच जहाजावर दोन प्रकारची वीज. त्यासाठी कन्व्हर्टर बसवायचे, त्यांना जागा द्यायची, त्यांची उष्णता बाहेर काढायची, त्यांचं वजन हिशेबात धरायचं. शिवाय एका देशाचं रडार चालू झालं की दुसऱ्या देशाचा रिसीव्हर बधिर होऊ नये हे पाहायचं. सोव्हिएत कारखान्याला इटालियन संगणकाची भाषा सांगायला कोणी येणार नव्हतं. ते काम इथल्या लोकांनी केलं. याला जुळवाजुळव म्हणणाऱ्यानं एकदा करून बघावी.

आजही तेच आहे. इस्रायली एमएफ-स्टार रडार विकत मिळतं, पण ते जहाजावर बसवायची रीत विकत मिळत नाही. चार जड पॅनेल उंचावर नेली की गुरुत्वमध्य वर सरकतो. तो पेलायला रुंदी लागते (आधीचा शिवालिक वर्ग १६.९ मीटर, निलगिरी १७.८). पॅनेलना थंड पाणी लागतं, म्हणजे मोठे चिलर. चिलरना वीज, म्हणजे जनरेटरवर भार. केबल जाण्यासाठी बल्कहेडमध्ये, म्हणजे जहाजाच्या आतल्या भिंतींत, भोकं, आणि प्रत्येक भोक पुन्हा पाणी व आग अडेल असं बंद करायचं.

गुरुत्वमध्य खरोखर कुठे आहे ते शेवटी कलचाचणीत कळतं. पाणी शांत हवं, दोर सैल हवेत, टाक्या एकतर काठोकाठ भरलेल्या किंवा कोरड्या. ठरावीक वजनं डेकवर एका बाजूकडून दुसरीकडे सरकवायची आणि लंबक किती सरकला ते मोजायचं. अर्धी भरलेली एक टाकी विसरलात की आकडा बिघडला, कारण आतलं पाणी जहाजाबरोबर कलतं. वेल्डिंगचे संच आणि परांच्या जहाजावरच राहिल्या आणि मोजल्या नाहीत, तरी तेच.

सात वर्षांचं मुख्य कारण म्हणजे 'बाइंडिंग डेटा'. यंत्राची पक्की मापं, वजन, वीज, पाणी हे पुरवठादार लेखी देतो त्याला हे नाव. तो येईपर्यंत थांबावं तर गोदी रिकामी, न थांबावं तर आराखडा अर्धा असताना बांधकाम सुरू. आपण नेहमी दुसरा मार्ग धरला. शिवालिक वर्गात त्याची किंमत मोजली: महालेखापालांच्या अहवालात मंजूर २,२५० कोटींचा खर्च ८ हजार कोटींच्या पुढे गेलेला दिसतो. आता पाइप, केबल ट्रे, वायुवीजन हे सगळं ब्लॉक, म्हणजे सांगाड्याचे मोठे तुकडे, जोडण्याआधीच आत बसवतात आणि तयार ब्लॉक क्रेननं उचलतात. माझगावची गोलियाथ क्रेन ३०० टनांची आहे. यात वेळ वाचतो, पण बंद झालेल्या ब्लॉकमधल्या यंत्राचं माप बदललं तर फाउंडेशन कापा, रंग जाळा, पुन्हा वेल्ड करा, पुन्हा तपासा.

वेल्डिंगबद्दल थोडं, कारण त्याचं कौतुक कोणी करत नाही. पोलाद डीएमआर-२४९ए, हैदराबादच्या डीएमआरएल या संरक्षण धातू प्रयोगशाळेनं विकसित केलेलं, सेल या सरकारी पोलाद कंपनीनं ओतलेलं. इलेक्ट्रोड ३०० अंशांच्या वर भाजून गरम पेटीतूनच हातात घ्यायचा. मुंबईच्या पावसाळ्यात तो उघडा राहिला तर दमटपणातला हायड्रोजन सांध्यात शिरतो आणि तडा लगेच नाही, दोन दिवसांनी जातो. म्हणून ४८ तासांनी पुन्हा तपासणी. शिवाय पत्रा पातळ असल्यानं उष्णतेनं फुगतो. मधून कडेकडे, तुकड्या-तुकड्यानं वेल्ड करावं लागतं. तिरप्या, सपाट बाजू ठेवून रडारला चकवायचं आणि त्या बाजूंना पोचे ठेवायचे, हे चालत नाही.

हात बसला की वेळ कमी होतो. जलावतरणापासून ताब्यात देईपर्यंत निलगिरीला ६३ महिने लागले, उदयगिरीला ३७. सात वर्षांचं रडगाणं गाणाऱ्यांनी पहिल्या आणि दुसऱ्या जहाजात फरक करावा.

तुम्हाला खरंच पारख करायची असेल, तर 'इंजिन कुणाचं' विचारू नका. उद्या नवं क्षेपणास्त्र बसवायचं ठरलं तर परदेशी कंपनीला पत्र लिहावं लागेल का, ते विचारा. निलगिरीच्या बाबतीत आराखडा आपल्याच कपाटात आहे. माझा वाद एवढ्याचसाठी आहे, आणि तो जुना आहे.

बाकी ७५ टक्के स्वदेशी हा आकडा मी छातीठोकपणे मिरवणार नाही. तो किमतीवर काढतात, उरलेल्या पंचवीसमध्ये जहाज चालवणाऱ्या वस्तू आहेत. फिनकांतिएरी या इटालियन जहाजबांधणी कंपनीचा तांत्रिक सल्लाही घेतला होता, तेही लपवायचं कारण नाही. आणि टर्बाइनवर मला कोंडीत पकडायचं असेल तर खुशाल पकडा. कावेरी या आपल्या जेट इंजिनावर बेतलेलं सागरी टर्बाइन चाचणीत १२ मेगावॉटच्या आसपास पोचलं. निलगिरीच्या एका शाफ्टला (पंखा फिरवणाऱ्या दांड्याला) लागतात २० च्या वर.