टीजेमधून मुलाला परत आणायचं का?

"आठवीपर्यंत सगळ्या विषयांत ए. आता टीजेत पहिल्याच तिमाहीत दोन बी आणि गणितात सी प्लस. रात्री बारापर्यंत बसतो, सकाळी उठता उठत नाही. परवा म्हणाला, 'आई, मी चुकून आत आलोय.' त्याला परत बेस स्कूलला घालू का?"

लाउडन काउंटीतल्या एका आईने नोव्हेंबरात मला विचारलेला हा प्रश्न. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, पण अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याच्या उत्तर भागातल्या मराठी घरांमधून साधारण याच सुमारास हा प्रश्न येतोच.

टीजे म्हणजे थॉमस जेफरसन हायस्कूल फॉर सायन्स अँड टेक्नॉलॉजी. 1985 साली सुरू झालेली ही सरकारी मॅग्नेट शाळा, म्हणजे अर्ज करून निवड झाली तरच प्रवेश देणारी खास शाळा, फेअरफॅक्स काउंटी चालवते, पण लाउडन, प्रिन्स विल्यम, आर्लिंग्टन आणि फॉल्स चर्चची मुलंही तिथे जातात. नववीत जीवशास्त्र, इंग्रजी आणि तंत्रज्ञान एकत्र गुंफून शिकवतात, बारावीत संशोधन प्रयोगशाळा असते. बेस स्कूल म्हणजे घराच्या पत्त्यावरून मिळणारी नेहमीची शाळा.

मार्कांआधी 'चुकून आलोय' हे वाक्य हातात घ्यावं लागलं. 2020 च्या शेवटी इथली प्रवेश परीक्षा बंद झाली. आता 550 जागा आहेत आणि प्रत्येक सरकारी मिडल स्कूलला तिच्या आठवीच्या पटाच्या दीड टक्का जागा राखून मिळतात. हा मुलगा ज्या शाळेतून आला तिथून पूर्वी फारसं कुणी जात नसे. "तुला तुझ्या शाळेमुळे सीट मिळाली," असं कुणीतरी बसमध्ये म्हणालं आणि ते त्याच्या मनात रुतून बसलं. त्या जागेसाठीही किमान 3.5 जीपीए (ग्रेडची सरासरी) लागतो, आठवीपर्यंत अल्जिब्रा वन (बीजगणिताचा पहिला टप्पा) लागतं, निबंध लिहावे लागतात आणि स्वतःच्या शाळेतल्या इतर अर्जदारांमधून वर यावं लागतं, हे त्याला कुणी नीट सांगितलंच नव्हतं. दुसरं असं, की तो अल्जिब्रा वन करून आला होता आणि डब्याच्या वेळी सोबत बसणारे तिघे अल्जिब्रा टू संपवून. मुलं वेगवेगळ्या पायरीवरून सुरुवात करतात, ही तिथली रोजची गोष्ट. त्याला मात्र ते स्वतःचं 'ढ' असणं वाटत होतं.

मग घड्याळ. सात दिवसांचा कागद भरून आणायला सांगितला: झोप, बस, शाळा, गृहपाठ, फोन, क्लास. घरातून निघायचं सकाळी 6:20 ला, परत 5:40 ला. मंगळवारी तबला, शनिवारी गणिताची शिकवणी अडीच तास, रविवारी सकाळी मराठी शाळा आणि दुपारी विज्ञानाची शिकवणी अडीच तास. झोपेची सरासरी निघाली पावणेसहा तास. या वयाला आठ ते दहा लागतात. पावणेसहा तासांवर चालणाऱ्या मुलाची बुद्धी कमी पडतेय की झोप, हे कुणालाही सांगता येणार नाही. आईचा पहिला विचार मराठी शाळा बंद करण्याचा होता. मी तो मोडून काढला, कारण आठवड्यात तो खळखळून हसायचा ती तेवढीच जागा उरली होती. विज्ञानाची शिकवणी गेली. साडेदहाला दिवा बंद. सकाळच्या बसमध्ये पुस्तक काढायचं नाही, झोपायचं.

खरी गाठ वहीत सापडली. समोर बसवून एक गणित सोडवायला दिलं. त्याने वाचलं, अर्धी ओळ लिहिली, खोडली, पुन्हा तीच लिहिली, पुन्हा खोडली. मिनिटभरात पेन्सिल खाली. "मला येत नाही." वहीच्या त्या पानावर खोडरबराने कागद पातळ होऊन मागची ओळ दिसत होती. हुशार मुलांचं हे फार होतं. आठवीपर्यंत वाचलं की सुटतं, त्यामुळे अडल्यावर काय करायचं ते शिकायची वेळच येत नाही. अडणं म्हणजे नापास होणं, असं समीकरण पक्कं बसतं. घरच्या शिकवणीत सर लगेच पुढची पायरी सांगत होते, म्हणजे त्या सवयीला खतपाणीच.

त्याच्यासाठी दहा मिनिटांचा नेम ठरवला. खोडरबर बाजूला. काय दिलंय ते लिहायचं, काय काढायचंय ते लिहायचं, सोपे आकडे घालून एकदा करून बघायचं. दहा मिनिटांत सुटलं नाही तर नेमकी कुठली ओळ अडली त्यावर खूण करून पुढे जायचं. त्या खुणा घेऊन शिक्षकांकडे जायचं. टीजेत बुधवारी आणि शुक्रवारी आठवा तास असतो, ए आणि बी असे त्याचे दोन भाग. मुलं आयन नावाच्या प्रणालीवर नाव नोंदवून क्लब निवडतात किंवा शिक्षकांकडे शंका विचारायला जातात. हा चारही वेळा क्लबमध्ये होता, कारण शंका विचारायला 'कच्ची' मुलं जातात अशी समजूत. शुक्रवारचा बी भाग गणिताच्या बाईंसाठी ठेवला.

आईसाठी वेगळं काम होतं. मुलाचे गुण पालकांना दाखवणाऱ्या पेरेंटव्ह्यू ॲपची घंटी वाजली की आई ऑफिसातून मुलाला मेसेज करायची, "68 कसे काय?" तो बसमध्ये असायचा, बाजूला तेच तीन मित्र. तिमाहीच्या सुरुवातीचे गुण डोळ्यांना फसवतात. एक 95 आणि एक 68 म्हणजे सरासरी 81.5. पुढे तितक्याच वजनाच्या सहा चाचण्यांत 88 मिळाले तर तीच सरासरी 86.4 होते. ॲप फक्त रविवारी, दोघांनी मिळून उघडायचं ठरलं. कॉलेजांच्या अर्जाची भीती आईबाबांच्या मनात होती. अर्जासोबत शाळेचं प्रोफाइल, म्हणजे शाळेची ओळख करून देणारा कागदही जातो, त्यामुळे कुठल्या शाळेतला बी आहे ते वाचणाऱ्याला कळतं, एवढं सांगितल्यावर बाबाही थोडे सैल झाले.

परत नेण्याचा निर्णय जानेवारीअखेरपर्यंत लांबवला, पण प्रश्न लिहून ठेवले. झोप आठ तासांच्या आसपास आली का? शाळेतल्या एखाद्या तरी गोष्टीबद्दल तो आपणहून बोलतो का? जेवायला सोबत कुणी आहे का? आणि तोच म्हणतोय का, की मला जायचंय? सोडलेली जागा आपल्यासाठी थांबून राहील असं धरून चालू नये, म्हणून घाई नको.

दुसऱ्या एका मुलीच्या बाबतीत याच प्रश्नांनी परत जाण्याकडे बोट दाखवलं. झोप सुधारली, गुणही सुधारले, तरी तिला नाटक आणि घराजवळच्या मैत्रिणी हव्या होत्या. दहावीला ती बेस स्कूलला गेली, आणि तो निर्णय योग्य होता.

जेवण तुटलं, सकाळी शाळेच्या नावाने धाप लागू लागली, किंवा मूल 'मी नसतो तर बरं' अशा अर्थाचं काही बोललं, तर मात्र जानेवारी नाही की सेमिस्टर नाही. त्याच दिवशी डॉक्टर आणि शाळेचा समुपदेशक. अमेरिकेत 988 या क्रमांकावर कधीही फोन किंवा मेसेज करता येतो.

हा मुलगा थांबला. गणितात बी आहे, ए नाही. फेब्रुवारीत बाईंना पाठवलेला मेल त्याने दाखवला: "तिसऱ्या ओळीपर्यंत बरोबर आहे. चौथ्या ओळीत चिन्ह का बदलतं ते कळलं नाही. शुक्रवारी बी भागात येऊ का?"