नव्या श्रोत्याने सुरुवात कुठून करावी?

जुन्या जॅझ मैफलींच्या नव्याने सापडलेल्या ध्वनिमुद्रणांपैकी, तसेच जॅझच्या चित्रपटसंगीतापैकी आधी काय ऐकावे, असे तुम्ही विचारले आहे. माझे मत विचाराल तर पियानोवादक थेलोनियस मंक आणि सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांची 29 नोव्हेंबर 1957 ची न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधली मैफल. ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ या अमेरिकी सरकारी नभोवाणीने मुद्रित केलेल्या या फिती अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेस या ग्रंथालयात दुर्लक्षित पडून होत्या, त्या 2005 मध्ये हाती लागल्या आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झाल्या. ध्वनी इतका स्वच्छ आहे की खरखरीची सवय नसलेल्या कानालाही त्रास होत नाही, आणि नवख्याला हीच मोठी सोय असते. ‘एपिस्ट्रॉफी’ ही रचना त्यात दोनदा आहे, दुसऱ्यांदा अपुरी. दोन्ही लागोपाठ ऐका आणि कोल्ट्रेनच्या सॅक्सोफोनखाली मंक पियानोवर कुठे स्वर देतो, कुठे चक्क हात आखडता घेतो, एवढ्याकडेच लक्ष ठेवा.

चित्रपटसंगीताकडे वळताना फार लांब जायला नको. त्या मैफलीनंतर आठवडाभरातच, डिसेंबर 1957 मध्ये, ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने पॅरिसमध्ये फ्रेंच दिग्दर्शक लुई माल यांच्या ‘एलिव्हेटर टू द गॅलोज’ या चित्रपटासाठी पडद्यावरची दृश्ये पाहत बरेचसे उत्स्फूर्तपणे वाजवले. चित्रपट मात्र आधी पाहू नका (रसिकांना हे पटणार नाही!), ट्रम्पेटचा एकाकी सूर स्वतःच्या बळावर किती उभा राहतो, ते आधी जोखा.

खराब प्रतींच्या मागे एवढ्यात लागू नका, आणि कोणतेही मुद्रण घेण्यापूर्वी वेष्टनावर तारीख, स्थळ व वादकांची नावे आहेत का, ते तपासा.