१२ व्होल्ट, २० वॅटच्या हॅलोजन दिव्यासाठी साधा डिमर कसा बनवावा?

पॉट (फिरवून रोध कमी-जास्त करायचा रेझिस्टर) थेट दिव्याच्या सिरीजमध्ये लावू नका. दिवा जवळपास १.७ अँपिअर घेतो, साधा पॉट जळणारच. त्यापेक्षा ५५५ टायमर आयसीने पीडब्ल्यूएम करा, म्हणजे दिवा झपाट्याने चालू-बंद करून उजेड कमी-जास्त करा: पिन ७ ते प्लस १ किलोओहम, १०० किलोओहमचा पॉट, दोन १एन४१४८ डायोड, २२ नॅनोफॅरड कपॅसिटर. साधारण ६०० हर्ट्झ मिळतात, लुकलुक दिसत नाही. पिन ३ वरून १०० ओहममार्गे आयआरएफझेड४४एन या मॉस्फेटचा (इलेक्ट्रॉनिक स्विच; गेट, ड्रेन, सोर्स हे त्याचे तीन पाय) गेट. गेट ते सोर्स १० किलोओहम, नाहीतर ५५५ सॉकेटमधून काढल्यावर गेट अधांतरी राहून मॉस्फेट अर्धवट चालू होऊन तापतो. दिवा प्लस आणि ड्रेनमध्ये, सोर्स ग्राउंडला. सप्लाय डीसीच हवा. हॅलोजनच्या इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मरचं आउटपुट एसी असतं, ते इथे चालणार नाही.