पट्ट्याचं वादळ होत नाही

प्रश्न: 'बंगालच्या उपसागरातील कमी दाबाच्या पट्ट्याचे चक्रीवादळात रूपांतर' अशी बातमी दर वर्षी वाचतो. पट्टा लांबट आणि वादळ गोल, मग रूपांतर होतं कसं? आणि 'चक्रीवादळ' हा शब्द म्हणजे 'सायक्लोन'चं सरळ भाषांतर का?

उत्तर: असं रूपांतर होत नाही, कारण तो पट्टा नसतोच. हवामान खातं 'कमी दाबाचं क्षेत्र' म्हणतं, बातमीत येईपर्यंत त्याचा 'पट्टा' होतो, आणि मे किंवा ऑक्टोबर उजाडला की वाहिन्या पट्टा-पट्टा करत सुटतात. चीड येते, कारण फरक इतका सोपा आहे. सारख्या दाबाची ठिकाणं जोडणारी ती समदाब रेषा. ती फिरून स्वतःलाच येऊन मिळाली, तिचं कडं बंद झालं, तर आत क्षेत्र. नुसता लांबट बाक देऊन पुढे निघून गेली, तर पट्टा. पावसाळ्यात महाराष्ट्रापासून केरळपर्यंत किनाऱ्याला समांतर असतो तो पट्टा. राजस्थानातून बंगालच्या उपसागराकडे जातो तोही पट्टा. पट्ट्याच्या पोटात एखादं क्षेत्र जन्माला येऊ शकतं, पण वाढत वाढत चक्रीवादळ होतं ते क्षेत्र.

त्या वाढीच्या पायऱ्याही ठरलेल्या आहेत, आणि उत्तर हिंदी महासागरासाठी त्या हवामान खात्याच्या दिल्लीच्या केंद्रातून जाहीर होतात. जागतिक हवामान संघटनेने उष्णकटिबंधीय वादळांसाठी नेमलेल्या सहा प्रादेशिक केंद्रांपैकी हे एक. इथे 'प्रादेशिक' म्हणजे राज्यापुरतं नव्हे. बांगलादेश, म्यानमार, ओमान, येमेन धरून १३ देशांचा समुद्र त्यात येतो. वाऱ्याचा वेग ३ मिनिटांच्या सरासरीने धरतात. १७ नॉटच्या (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) खाली कमी दाबाचं क्षेत्र, तिथून पुढे डिप्रेशन, २८ ला डीप डिप्रेशन आणि ३४ नॉटला, म्हणजे ताशी सुमारे ६२ किलोमीटरला, चक्रीवादळ. नाव मिळतं ते या पायरीवर, आधी नाही. २०२० मधलं 'निसर्ग' १ जूनला डिप्रेशन होतं, २ जूनला दुपारी चक्रीवादळ झालं आणि ३ जूनला दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. बांगलादेशाने सुचवलेलं ते नाव समुद्रावर जेमतेम एक दिवस होतं.

आता शब्दाकडे. 'चक्रीवादळ' सायक्लोनवरूनच आला. पण सायक्लोन हा शब्द काही लंडनहून आलेला नाही. तो कोलकात्यात घडला, आणि घडवणाऱ्याने बंगालच्या उपसागरातली वादळं अभ्यासली होती. हेन्री पिडिंग्टन हा आधी जहाजाचा कप्तान, पुढे कोलकात्याच्या सागरी चौकशी न्यायालयाचा अध्यक्ष. वादळात सापडलेल्या जहाजांच्या नोंदवह्या तपासून, कोणत्या वेळी कुठे वारा कुठल्या दिशेचा होता हे जुळवून, तो वादळांच्या वाटा नकाशावर काढत असे. १८४८ साली खलाशांसाठी लिहिलेल्या पुस्तकात त्याने नवा शब्द का हवा ते सांगितलं: वारा गोल फिरतो हे सुचवायचं, पण तो नेमक्या वर्तुळात फिरतो असा दावा करायचा नाही. म्हणून त्याने वर्तुळासाठीचा ग्रीक शब्द निवडला आणि त्याच्या अर्थांपैकी एक मुद्दाम सांगितला, सापाचं वेटोळं.

हे वेटोळं मला अतिशय प्रिय आहे, कारण ते खरं आहे. वादळातला वारा बंद कड्यासारखा फिरत नाही. तो फिरत फिरत आत ओढला जातो. ग्रीक शब्दाचं मूळ आणि आपल्या 'चक्र'चं मूळ एकच, 'चाक' आणि इंग्रजी 'व्हील' हीसुद्धा त्याच घरची. त्यामुळे 'चक्री' म्हणताना आपण परक्या शब्दाचं नुसतं भाषांतर केलं असं मी मानत नाही. फक्त चाक घेताना वेटोळं हातून निसटलं, एवढंच.

आणि दिल्लीच्या केंद्रात ते वेटोळं आजही मोजलं जातं! भर समुद्रात वादळाच्या पोटात वाऱ्याचा वेग मोजायला सहसा कोणी नसतं. मग इन्सॅट उपग्रहाच्या चित्रांवरून तीव्रता ठरवतात. ही पद्धत व्हर्नन ड्वोराक या अमेरिकन हवामानतज्ज्ञाने १९७० च्या दशकात बसवली. ढगांची वळलेली पट्टी केंद्राभोवती किती वेढली गेली हे चित्रावर सर्पिल आकृती ठेवून पाहायचं. वेढा वाढला की टी-अंक, म्हणजे तीव्रतेचा आकडा, वाढतो, तो २.५ झाला की वारा ३५ नॉटच्या आसपास, म्हणजे चक्रीवादळ. 'पट्टा' शब्द कुणाला वापरायचाच असेल तर इथे वापरा, या ढगांसाठी.

'चक्रीवादळ' सोडून 'आवर्त' म्हणा, असा आग्रह भूगोलाची काही मंडळी धरतात. तो मला मान्य नाही. आवर्त म्हणजे कमी दाबाभोवती फिरणारी कुठलीही वाऱ्यांची रचना. युरोपात हिवाळ्यात पाऊस आणते तीसुद्धा. आपल्याला हवा आहे तो उष्ण समुद्रावर पोसलेला प्रकार, आणि त्याला 'चक्रीवादळ' पुरेसा नेमका आहे.

राहिला 'वादळ'. याची 'वात + दल', म्हणजे वाऱ्यांची सेना, अशी फोड पुन्हा पुन्हा छापली जाते. ऐकायला झोकदार आहे आणि माझ्या मते साफ चूक आहे. गुजरातीत 'वादळ' म्हणजे ढग. हिंदीत 'बादल' म्हणजे ढग. वाऱ्याच्या सेनेतून शेजाऱ्यांकडे वारा तेवढा गळून नुसता ढग कसा उरला, याचं उत्तर 'वात + दल'वाल्यांनी द्यावं. मूळ आहे 'वार्दल', कोशातला अर्थ पावसाळी दिवस, आणि 'वार्' म्हणजे पाणी. त्याचं प्राकृतात 'वद्दल', मराठीत 'वादळ'. कर्म-कम्म-काम, सप्त-सत्त-सात, तशीच ही वाट: जोडाक्षर सुटलं, आधीचा स्वर लांबला.

पुरावा हवा तर पाली विनयपिटकात, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथात, जा. बुद्ध मुचलिंद वृक्षाखाली बसलेला असताना अवकाळी मेघ उठतो, आणि त्याचं वर्णन येतं 'सत्ताहवद्दलिका सीतवातदुद्दिनी'. सात दिवसांची झड, गार वाऱ्याचा कुंद काळ. वारा वेगळ्या शब्दात सांगितला आहे. 'वद्दलिके'त तो धरलेलाच नाही. आपणही 'वादळवारा' म्हणतोच की. आणि त्या झडीपासून बुद्धाला राखायला नागराज मुचलिंद त्याच्याभोवती सात वेटोळी घालतो! पिडिंग्टनच्या शब्दाशी याचा काही संबंध नाही, तरी 'वादळ' शब्दाचा पूर्वज आणि सापाचं वेटोळं एकाच प्रसंगात भेटतात याचा आनंद लपवता येत नाही. मराठीने पाण्याच्या या शब्दात वारा भरला तो समुद्रकाठी राहून, असं माझं मत आहे. कोकणात आडवा पाऊस वाऱ्यापासून वेगळा काढायचा कसा?

बातम्यांतला आणखी एक घोळ इथेच निपटतो. अंदाज आणि इशारा एक नव्हेत. वादळ कुठे आणि किती वेगाने जाईल हा अंदाज. कोणत्या किनाऱ्याने केव्हा तयारी करावी हा इशारा. ७२ तास आधी वरिष्ठ अधिकाऱ्यांना पूर्वसूचना, ४८ तास आधी पिवळा, २४ तास आधी नारिंगी, आणि किनाऱ्यावर येण्याच्या किमान १२ तास आधी लाल. या मालिकेतला लाल रंग वादळ सर्वांत मोठं आहे असं सांगत नाही. वादळ जमिनीवर शिरल्यावर आतल्या जिल्ह्यांत काय होईल, ते तो सांगतो. 'लाल म्हणजे महाभयंकर' असं ओरडणाऱ्यांनी किनाऱ्यापासून लांबच्या गावांना उद्देशून असलेला मजकूर वाचून दाखवला तर जास्त उपयोग होईल.

बंदरातल्या 'तीन नंबरच्या बावट्या'चंही असंच. तीन हा वादळाचा दर्जा नव्हे. १ आणि २ हे दूरच्या समुद्रातल्या धोक्यासाठी, ३ लागला की खुद्द बंदराला सोसाट्याच्या वाऱ्याची भीती, आणि ११ चा अर्थ हवामान केंद्राशी संपर्क तुटला. दिवसा टांगतात शंकू आणि पिंपं, रात्री लाल-पांढरे दिवे. झेंडा नसतोच, तरी कोळीवाड्यांत त्याला बावटा म्हणतात, आणि तो शब्द बदलण्याचं काही कारण नाही.