वडिलांच्या मेंदूतली फुगलेली रक्तवाहिनी फुटून ऑपरेशन झालं. आता दिवसाला एक सिगारेट चालेल का?

वडिलांना एकही देऊ नका. रक्तस्रावानंतर साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसात मेंदूच्या नसा आकसतात, रक्त कमी पोचतं, लकवा येऊ शकतो. म्हणून तर निमोडिपिन हे औषध 21 दिवस, रात्री उठवूनही देतात. पुढेही धूर बीपी चढवतो, नसांच्या भिंती कमजोर करतो. ऑपरेशनमध्ये बसवलेली क्लिप किंवा कॉइल रक्तवाहिनीच्या त्या एकाच फुग्याला असते. दुसरा तयार होऊ शकतो.

आणि खिसे तपासा. आपल्या नागपुरात सिगारेट सुटली की माणूस पानठेल्यावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून घेतो. माझ्या काकांच्या उशीखाली खर्र्याची पन्नी सापडली होती. निकोटीन त्यातही आहेच. तलब आवरत नसेल तर न्यूरोसर्जनला निकोटीन पॅचबद्दल विचारा, 1800-11-2356 या तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या मोफत क्विटलाइनवर बोला.