अभिक्रियेचा दर वर्गात दाखवताना

दहावीच्या वर्गाला अभिक्रियेचा दर पहिल्यांदाच दाखवणार असाल, तर एका वेळी एकच घटक बदला. माझी पसंती सोडियम थायोसल्फेट आणि विरल हायड्रोक्लोरिक आम्लाला आहे: चंचुपात्राखालच्या कागदावर ठळक फुली काढावी, आम्ल ओतताच घड्याळ सुरू करावे आणि सुटणाऱ्या गंधकाने द्रावण गढूळ होऊन फुली दिसेनाशी होईपर्यंतचा वेळ मोजावा. संहती, म्हणजे द्रावणातले थायोसल्फेटचे प्रमाण, बदलताना थायोसल्फेट जितके कमी घ्याल तितकेच पाणी घालून एकूण आकारमान कायम ठेवा. अन्यथा द्रावणाच्या थराची जाडी बदलते आणि मोजलेला वेळ फसवा ठरतो. मुंबईत ऑक्टोबरच्या दुपारी वर्गातले तापमान मुळातच ३० अंशांच्या पुढे असते, म्हणून तुलनेसाठी एक पात्र बर्फात गार करावे. दुसरे फार तापवू नये, कारण सल्फर डायऑक्साइड वायू अधिक सुटतो आणि दम्याच्या मुलांना तो बाधतो. खिडक्या उघड्याच असाव्यात. पृष्ठफळाचा परिणाम दाखवण्यासाठी फळ्याचा खडू घेऊ नका. तो पुष्कळदा जिप्समचा असतो आणि आम्लात फसफसतच नाही. त्यापेक्षा शहाबादी फरशीचा, म्हणजे आम्लात फसफसणाऱ्या चुनखडकाचा, तुकडा आणि तेवढ्याच वजनाची तिची भुकटी घ्यावी, मात्र भुकटीचे भांडे मोठे असावे, कारण फेस क्षणात काठावर येतो.